न तोडायच्या शब्दांची यादी

मंचरच्या एसटी स्टँडमागे माझ्या ओळखीच्या एकाचं डीटीपीचं दुकान होतं. मी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून त्याची प्रुफं तपासायला जायचो. त्याच्या कॉम्प्युटरला इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा हे नीट शिकवलेलं होतं; मराठी शब्द मात्र जागा संपेल तिथे तुटायचा. न तोडायच्या शब्दांची यादी त्यानेच भरली होती. तिच्यात आधी आमदारांचं नाव गेलं, मग सरपंचांचं, मग पतसंस्थेच्या चेअरमनचं. बाकी मराठी भाषा तुटायला मोकळी होती.

एका निवडणुकीत उमेदवाराच्या पत्रकात 'निष्कलंक नेतृत्व' असं होतं. त्यातलं 'निष्' वरच्या ओळीत राहिलं आणि खालची ओळ 'कलंक नेतृत्व' अशी सुरू झाली. मराठीच्या मास्तरांना, म्हणजे मलाही, ते प्रुफात दिसलं नाही. पत्रकं शेजारच्या कळंब गावापर्यंत वाटून झाल्यावर उमेदवार चार माणसं घेऊन दुकानात आले.

त्याने चष्मा कपाळावर ढकलला. "साहेब, तुमचं नाव तर तुटलं न्हाई ना? आता ह्यो शब्दबी यादीत घालतो. मग कुणाच्याच पत्रकात तुटणार न्हाई."

"कुणाच्याच?" उमेदवार थबकले. "विरोधकांच्याबी?"

"व्हय."

"मग राहू द्या, राव."

ते पायऱ्या उतरायच्या आत त्याने तो शब्द यादीत घालून टाकला.

"अरे, ते नको म्हणाले ना?" मी विचारलं.

"शब्द काय त्यांच्या मालकीचा हाय व्हय, गुरुजी?"