कोर्टात मी माझा पत्ता सांगितला

ग्रुपमधल्या बायांनो, एक विचारायचंय.

कॉलेजपासून माझ्या मागं लागलेल्या माणसाविरुद्ध आज कोर्टात माझी साक्ष होती. तो जामिनावर सुटलाय. त्याला चुकवायला मी कडेगाव सोडून मलकापुरात खोली घेतली. तिथला पत्ता फक्त आईला माहीत होता.

शपथ झाली आणि कारकुनानं विचारलं, "नाव? वय? धंदा? राहणार?"

मी पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. गल्ली, बिल्डिंग, मजलासुद्धा. सरकारी माणसानं विचारलं की आपल्या तोंडातून असंच सगळं बाहेर पडतं!

मग लक्षात आलं, तो समोरच उभा आहे. ऐकतोय.

बाहेर आल्यावर महिला पोलिसांना म्हटलं, "आवं ताई, त्यानं पत्ता ऐकला."

"त्याला तुझ्याजवळ यायची बंदी हाय की गं. आला तर लगेच फोन कर."

आला तर!

जिन्यात तो शेजारून गेला. माझ्याकडं बघितलंही नाही. सोबतच्या मित्राला म्हणाला, "मलकापूर काय लय लांब न्हाई गड्या."

मी स्टँडवर बसलेय. मलकापूरच्या दोन गाड्या सोडल्या. तिसरी आता लागलीय. सांगा, चढू का?