पहिली कळ

कान टोचणारी मावशी गल्लीत शिरली, की लेकरं खाटेखाली दडायची. आया मात्र तिलाच बोलावायच्या, कारण तिचा हात कापसाहून हलका. तिची एक रीत होती. लेकराच्या कानाला सुई लावण्याआधी ती आपल्या डाव्या अंगठ्यात टोचून टोक पारखायची. "पहिली कळ माझी," असं म्हणायची, सुई पदराला पुसायची आणि हां हां म्हणता कान टोचून मोकळी व्हायची. सासूने दिलेली ती एकच सुई तिने तीस वर्षं वापरली. या रीतीचा तिला मोठा तोरा होता.

मग सुनेला दिवस गेले. दवाखान्यात रक्त तपासलं, तर हिपॅटायटिस बी, म्हणजे बी कावीळ निघाली.

"हिचे डोळे कुठे पिवळे आहेत?" मावशी डॉक्टरीणबाईंवर उखडली. "दोन वेळा पोटभर जेवते पोरगी!"

"ही डोळ्यांत दिसेलच असं नाही, मावशी. घाण पाण्यातून होते ती ए नाहीतर ई. ती बहुतेकदा आपली येते नि जाते. बी आणि सी रक्तातून लागतात. माणूस धडधाकट दिसतो आणि आत वर्षानुवर्षं यकृत पोखरलं जातं. बाळंतपणात ही बाळालाही लागू शकते. पण जन्मल्यावर दिवसाच्या आत लस आणि सोबत एक वेगळं इंजेक्शन दिलं, की बाळ बहुधा वाचतं. आता घरातल्या सगळ्यांचं रक्त बघू."

मावशीच्या मुलाचं रक्त स्वच्छ निघालं. त्याला लस दिली. मावशीच्या रक्तात मात्र तीच कावीळ.

"कधी कुणाची सुई टोचली होती?"

मावशीने अंगठा पाहिला. त्याची चाळणी झाली होती. दोन वर्षांपूर्वी, सून नवी नवरी असताना, तिच्या कानांना दुसरं भोक मावशीनेच पाडलं होतं. हौसेने.

"कुणाचं कुणाला लागलं, ते आता सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मावशीला मात्र सांगायची गरजच उरली नव्हती.

घरी तिने आपलं ताट वेगळं काढलं. सुनेने ते उचलून परत आपल्या शेजारी मांडलं. "एकत्र जेवल्याने लागत नाही, आई. ऐकलंत ना?" ती माया मावशीला टोचली. सून एक शब्द लावून बोलली असती, तर बरं झालं असतं.

"बाहेर बोलू नकोस," मुलगा म्हणाला. "गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

तीन दिवस मावशी घराबाहेर पडली नाही. डोळे मिटले, की रांगेने इवले इवले कान दिसत. चौथ्या सकाळी ती शिंपिणीच्या दारात जाऊन उभी राहिली. शिंपिणीच्या तान्हीचे कान तिने गेल्याच महिन्यात टोचले होते.

"या मावशी! आज कुणाचा नंबर?"

"तुझ्या लेकीचं रक्त तपासून घे. माझ्या अंगात रोग आहे, बाई. मी आधी स्वतःला टोचायचे, मग तीच सुई तिला."

शिंपिणीच्या हातातली कात्री खाली पडली. "पहिली कळ माझी म्हणे! मला वाटायचं, केवढी माया ही!"

"मलाही तसंच वाटायचं गं."

दार धाडकन लागलं. मावशी पायरीवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. शिंपीण लेकीला दुपट्यात गुंडाळून, चपला घालून उभी होती. "बसलात काय? दवाखाना दाखवा. आणि वाटेत मागच्या आळीतल्या जुळ्यांच्या आईलाही सांगा. तिच्या पोरींचे कानही तुम्हीच टोचलेत."

दवाखान्यात नर्सने पाकीट फाडून कोरी सुई काढली. मावशीचा डावा अंगठा सवयीने पुढे गेला. तिने तो झटकन मुठीत धरला. तान्ही कळवळून रडली, आणि ती कळ या वेळी मावशीला आधी घेता आली नाही.