नाव बदललेली फलटण

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हायडेलबर्गच्या विद्यापीठात मी अठराव्या शतकातल्या प्रशियन फलटणींच्या रचनेवरचा सेमिनार निवडला, तेव्हा शेजारच्या मुलाने विचारलं, "भारतातून येऊन प्रशिया?"

"तुमचे लोक आम्हाला संस्कृत शिकवतात, ते चालतं ना?" मी म्हटलं.

रेफेराट, म्हणजे वर्गासमोरची तोंडी मांडणी, जमली तरच प्रोफेसर प्रबंधासाठी घेणार होते. माझं जर्मन अडखळत चालणारं. म्हणून मी स्वयंपाकघरात टेबलावर तालीम करायचे. पायदळाच्या एका रेजिमेंटच्या दोन बटालियन. प्रत्येकीत तूरडाळीच्या पाच ढिगल्या म्हणजे मस्केटिअर, साध्या बंदूकवाल्यांच्या कंपन्या, मसुरीची एक म्हणजे ग्रेनेडिअर, निवडक धिप्पाड शिपायांची. लढाई लागली की मसूर बाजूला काढायची, दोन रेजिमेंटची एकत्र करून वेगळी बटालियन उभी करायची.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. "अगं, आज वरण होणार की नाही?"

"अहो आई, ही फलटण आहे."

"मग फलटणीला म्हणावं, कुकरमध्ये चला."

हसले खरी, पण घोर लागला होता. जुन्या याद्यांप्रमाणे डाळ मांडताना एक रेजिमेंट जास्त होत होती. एक मध्येच गायब व्हायची आणि तिच्याच गावांमधून दुसरीच कुठली तरी भरती करायची. आणि नियम तर असा, की प्रत्येक रेजिमेंटला भरतीचा मुलूख नेमून दिलेला. तिथलीच शेतकऱ्यांची पोरं शिपाई व्हायची, कवायत संपली की रजेवर शेतीला परत जायची. एका मुलखात दोघी कशा?

कुकर लावता लावता उजेड पडला. फलटण तीच होती! तिला नाव असायचं ते तिच्या मालक-सेनापतीचं. तो मेला, नवा आला, की नाव बदललं. मी एकीलाच दोन समजत होते.

वर्गात प्रोफेसरांनी नेमकं तेच विचारलं, "ही रेजिमेंट पुढे दिसत नाही. बरखास्त झाली का?"

"नाही," मी म्हटलं, आणि आईची माहेरची नि सासरची दोन्ही नावं फळ्यावर लिहिली. "माझ्या आईचं लग्नात पहिलं नावसुद्धा बदललं. माहेरच्या नावाने शोधाल तर ती बोहल्यावरच नाहीशी झाली असं वाटेल. पण माणूस तेच. इथेही तीच गावं, तीच पोरं. फक्त घरधनी बदलला."

वर्ग खदखदून हसला. प्रोफेसर हसले नाहीत. "गेनाऊ," म्हणाले, अगदी बरोबर, आणि तिथेच सगळ्यांसमोर विचारलं, "प्रबंध कधी सुरू करताय?" शेजारच्या त्या मुलाने सगळ्यांत आधी बाकावर टकटक केली. इथे टाळ्यांऐवजी तेच करतात. मग सगळा वर्ग बाकं बडवायला लागला.

बाहेर पडून आधी फोनचं कार्ड घेतलं आणि आईला फोन लावला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या आईला फलटणींशी काही देणंघेणं नव्हतं. वर्गात तिच्या नावाचा दाखला दिला, एवढंच तिने पकडलं.

"माझं नाव घेतलंस तिथे? गोऱ्यांसमोर? कुठलं गं?"

"दोन्ही."

ती रिसीव्हर तसाच टाकून शेजारणीला हाका मारत पळाली. कार्ड संपेपर्यंत मी ऐकत उभी होते. ती सगळ्या आळीला आपलं माहेरचं नाव सांगत होती.