शेठला घर पाहिजे!

आमच्या शेल्टरवर किस्से साठतात ते कुत्र्यांच्या केसांसारखे. कितीही झटका, घरी आल्यावर ओढणीला चार चिकटलेले निघतातच! सोमवारी ऑफिसात कुणीतरी विचारतं, "काय वर्षा, रविवार कसा गेला?" की झालं. माझा चहा गार होतो, त्यांचा लंचटाइम संपतो आणि आमचे साहेब केबिनमधून मान बाहेर काढून म्हणतात, "मॅडम, जरा मोठ्याने सांगा, इथपर्यंत येत नाही."

आधी माणसं सांगते. विचुंब्याच्या पुढे, नव्या टॉवर्सच्या मागे, पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. तेच आमचं शेल्टर. ते चालवतात नीलाताई. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि रिटायर झाल्यावर लोक युरोप टूरला जातात तसं त्यांनी चाळीस कुत्री पाळली. रोजचं सगळं बघतात काशिनाथमामा, गावातलेच. मी फक्त रविवारची आणि सुट्ट्यांची.

आणि शेठ. शेठ म्हणजे कुत्रा! दहा वर्षांचा, तोंड पांढरं झालेलं, पोट थोडं सुटलेलं. कागदावर त्याचं नाव ब्रूनो. नवीन पनवेलचं एक कुटुंब परदेशी जाताना "दोन महिन्यांत येऊन नेतो" म्हणून ठेवून गेलं. त्याला दोन वर्षं झाली. पहिल्याच दिवशी तो फाटकाशी पुढचे पाय पसरून असा काही बसला, की मामा म्हणाले, "बगा कसा बसलाय! आजूबाजूचे सगले प्लॉट यांचेच हायेत जसे!" ब्रूनो तिथेच संपला. शेठ सुरू झाला.

* * *

यंदा पावसाळा सरता सरता आमच्या डॉक्टर शबाना आल्या. शेठला उभं केलं, चालवलं, मागच्या पायांचे सांधे दाबून बघितले. नेहमी येताजाता चेष्टा करणारी बाई, आज सरळ मुद्द्यावर आली.

"नीलाताई, दिल एकदम मजबूत आहे त्याचं. पण कंबर गेली. या गार फरशीवर थंडी काढणं मुश्किल आहे. थंडीच्या आत घर बघा याला."

"दहा वर्षांच्या कुत्र्याला कोण नेणार?" मी म्हटलं.

नीलाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. सातवी ब मध्ये गृहपाठ न आणणाऱ्या मुलाकडे बघत असतील, अगदी तसं. "उत्तर येत नाही म्हणून गणित सोडून द्यायचं का, वर्षा?"

त्या दिवसापासून आम्ही शेठच्या घराच्या मागे लागलो!

* * *

पहिली जाहिरात मी लिहिली. ऑफिसच्या घाईत, मोबाईलवर, जिन्यात उभी राहून. "शेठ. वय दहा. स्वभाव शांत, खाण्याचे नखरे नाहीत. पनवेल परिसरात घर हवे." फोटो नंतर टाकू म्हटलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर ढकलून दिली.

पाचव्या मिनिटाला फोन.

"मॅडम, शेठसाठी घर बघताय ना? वन बीएचके की टू?"

"अहो, आम्हाला खोल्यांचं काही नाही. माणसं चांगली पाहिजेत."

"शेजार एक नंबर देतो! फॅमिली किती जणांची?"

"एकटाच आहे."

"अच्छा. बॅचलर." जरासा विचार. "ड्रिंक वगैरे?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली! "अहो, कुत्रा आहे तो! शेठ हे कुत्र्याचं नाव आहे!"

मला वाटलं, फोन ठेवला. इतक्यात आवाज आला, "काही हरकत नाही मॅडम. विचुंब्यात पेट-अलाउड सोसायटी आहे माझ्याकडे. साइट व्हिजिटला शेठना कधी आणताय?"

* * *

मग नवीन पनवेलच्या एका बागेत रविवारी ॲडॉप्शन कॅम्प लावला. टेबलावर टोपलीत पाच पिल्लं, टेबलाखाली शेठ. त्याला मी शांपूने आंघोळ घातली होती, गळ्यात लाल रुमाल बांधला होता. नवरदेव दिसत होता!

पिल्लं तासाभरात गेली. पाचच्या पाच. शेठने तेवढ्यात मस्त झोप काढली. लोक येत, वाकून बघत, "अरे वा, हा तुमचा का?" म्हणत आणि पुढे जात.

एक बाई मात्र थांबल्या. खाली बसल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. नीलाताईंनी हळूच फॉर्म पुढे सरकवला.

"गोड आहे हो," बाई म्हणाल्या. "मोठा झाल्यावर केवढा होईल?"

नीलाताईंनी तितक्याच हळूच फॉर्म मागे घेतला. "मोठा होऊन झालाय, बाई. आता फक्त शहाणा व्हायचा बाकी आहे."

* * *

एक किस्सा हसण्यासारखा नाही, पण सांगते.

त्याच आठवड्यात शेठच्या जुन्या घरून मेसेज आला. दोन वर्षांत पहिला. "आज आमच्या ब्रूनोचा बर्थडे! प्लीज एक फोटो पाठवा ना. वी मिस हिम!" आणि पुढे लाल बदामांची रांग.

मी भडकलेच. काय काय लिहायचं ते मनात तयार होतं. नीलाताई म्हणाल्या, "थांब. फोटो मागितलाय, फोटो पाठवू."

त्या उठल्या. शेठ फाटकाशी बसला होता, रस्त्याकडे तोंड करून, नेहमीसारखा. त्यांनी मागूनच फोटो काढला. पांढुरकी मान, एक वाकडा कान, पुढे बंद फाटक. खाली एक शब्द लिहिला नाही. पाठवून दिला.

दोन मिनिटांत उत्तर आलं. "सो क्यूट!"

* * *

आणि मग खरंच एक घर मिळालं! पळस्प्याजवळ बंगला, पुढे बाग, रिटायर्ड साहेब, एकटे. फोनवर कडक आवाज. "मला राखणीला कुत्रा हवा. पिल्लांची शी-शू काढायला वेळ नाही. तयार माल द्या."

'तयार माल' ऐकून नीलाताईंच्या कपाळावर आठी आली, पण थंडी तोंडावर आली होती. शेठला गाडीत बसवून आम्ही सोडून आलो. येताना मामा खिडकीबाहेर बघत सारखं नाक ओढत होते आणि वर म्हणत होते, "धूल लय हाय."

चौथ्या दिवशी साहेबांची गाडी आमच्या फाटकाशी!

"हा कुत्रा फॉल्टी आहे!" साहेब उतरता उतरताच सुरू झाले. "भुंकतच नाही! कुरिअरवाला आला, शेपूट हलवली. मीटरवाला आला, शेपूट हलवली. काल एक अनोळखी माणूस कंपाउंडवरून उडी मारून आत आला, तर हा त्याचा हात चाटत बसला!"

"कोण होता तो?" नीलाताईंनी विचारलं.

"शेजारचा. बॉल घ्यायला आला होता. पण ह्याला काय माहीत!"

मामांनी शेठला गाडीतून उचलून खाली ठेवलं. शेठने अंग झाडलं, फाटकाच्या आत आला, वळला, आणि साहेबांकडे बघून जो भुंकायला लागला! दोन वर्षांत आम्ही त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. आतली चाळीसच्या चाळीस कुत्री त्याच्या सुरात सूर मिसळून उभी राहिली! साहेब गाडीत चढले आणि काच वर केली.

मामा जाऊन काचेवर टकटक करून आले. "सायेब, फॉल्ट नाय त्याच्यात. तो मानूस बगून भुकतो."

* * *

पण त्यानंतर शेठ खाईना. चार दिवसांच्या गादीनंतर पुन्हा फरशी. मामांनी गोणपाटं घातली, मी घरची जुनी रजई नेली. तो वाडग्याजवळ जायचा, वास घ्यायचा आणि परत फाटकाशी. डॉक्टर शबाना रोज संध्याकाळी इंजेक्शन द्यायला यायच्या आणि जाताना रागावायच्या. कुणावर ते त्यांनाही माहीत नसावं. "इतना बडा पनवेल, आणि एका म्हाताऱ्याला जागा नाही?"

अशात एका रविवारी दुपारी फाटकासमोर रिक्षा थांबली. आतून एक साठी उलटलेली बाई उतरली. हिरवं लुगडं कोळी पद्धतीने नेसलेलं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात प्लास्टिकची पिशवी. उरणकडच्या खाडीकाठच्या गावातून निघून, एसटीने पनवेल स्टँड आणि पुढे रिक्षा, असा प्रवास करून आली होती. नाव हिरूबाई.

"सुनेच्या मोबाईलवर बगितला. म्हातारा कुत्रा देताव ना तुमी?"

नीलाताई सावध झाल्या. "मावशी, पिल्लं पण आहेत आमच्याकडे."

"पिल्लू नको." हिरूबाईने हात हलवला. "पिल्लू पंधरा वर्सं जगंल. मी नाय जगायची. मग त्याला कोन बगंल? मला माज्या जोडीचा द्या."

नीलाताईंचा फॉर्म चौदा प्रश्नांचा आहे. त्या चौदाही विचारतात, समोर कलेक्टर असला तरी! त्या दिवशी त्यांनी पेनचं टोपण काढलं, पहिल्या प्रश्नावर पेन टेकवलं, आणि टोपण परत लावून टाकलं.

"घरी कोण कोण असतं?" तेवढं मीच विचारलं.

"कोन नाय. पोरगा बंदरावर कामाला, तिकरंच खोली घेतली त्यानं. आमचं मालक जाऊन तीन वर्सं झाली." असं म्हणत ती खाली उकिडवी बसली, पिशवी उघडली आणि उकडलेल्या मांदेली मासळीचा डबा काढला. मीठ न घालता उकडलेली! "कुत्र्याला मीठ चालत नाय, ठावं हाय मला."

शेठने मान वळवली. फाटकापासून उठला. लंगडत आला. आणि आम्ही तिघं बघत असताना डब्यातली मांदेली एकेक करून संपवली! मग डबा चाटला. मग डब्याचं झाकण चाटलं.

मामा पत्र्याकडे बघत म्हणाले, "आज पन धूल लय हाय."

* * *

शेठ गेला, पण पळस्प्याच्या अनुभवामुळे जीव टांगणीला लागलेला. रोज वाटायचं, आता फोन येईल, आता परत आणतील. शेवटी पंधरा दिवसांनी नीलाताई, मामा आणि मी गाडी काढून उरणच्या वाटेला लागलो. डॉक्टर शबानांनी सांध्यांच्या गोळ्या आणि एक लोकरीचा कोट दिला होता. "माझा सलाम सांगा त्याला."

हिरूबाईचं घर खाडीला लागूनच. पुढे सारवलेली ओटी, त्यापुढे मोकळं अंगण, आणि अंगणात बांबूंच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले. त्यांच्या पलीकडे नुसतं ऊन आणि पाणी.

ती धावतच पुढे आली. हात पुसले, चटई टाकली, पाणी दिलं.

"खातो का नीट?" नीलाताईंनी बसायच्या आधीच विचारलं.

"खातो? दोन टायमाचा भात, वर मासली! सकाली माज्यासंगं धक्क्यावर येतो. दुपारी बोंबलावरचे कावले हाकलतो. भुकतो, पन बसून. उठत नाय!"

"आणि रात्री कुठे झोपतो? थंडी पडायला लागली."

"आत. गोधडी दिली त्याला. माजी पन अर्धी ओढतो."

मामा इकडेतिकडे बघत होते. "शेठ दिसत नाय तो कुटं?"

हिरूबाई खुदकन हसली आणि पदर तोंडाला लावला. साठी उलटलेली बाई, पण गाल लाल झाले!

"मी त्याला शेठ नाय बोलत."

"मग काय म्हणता, ब्रूनो?" मी विचारलं.

तिने मान हलवली. आमच्याकडे पाठ केली, पदर डोक्यावरून घेतला आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली,

"अवो! आयकलंत का? उठा जरा, पावनी आलीत!"

वाळत घातलेल्या बोंबलांच्या सावलीतून शेठ उठला. अंग झाडलं. आणि सावकाश चालत येऊन ओटीवर, तिच्या शेजारी बसला.