तांदळाच्या पिंपातला अल्बम

१८ मे २०१४, रविवार. वर्षाचे तांदूळ पिंपात भरत होते. चादरीवर पसरलेल्या तांदळाला बोरिक पावडर चोळून माझे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. तेवढ्यात धाकटे दीर पुण्याहून परतले आणि चपला न काढताच पायरीवर बसले.

“वहिनी, संपलं सगळं. टेपला बुरशी लागलीय.”

टेप म्हणजे त्यांच्या पहिल्या अल्बमची मूळ कॅसेट. रॉक बँड फुटल्यावर, तेरा वर्षांपूर्वी, तो त्यांनी आमच्या मागच्या खोलीत एकट्याने केला होता. भिंतींवर माझ्या गोधड्या, गिटार त्यांची, गळा त्यांचा आणि ड्रमच्या जागी हेच रिकामं पिंप. तांदूळ येऊन पडले तरी शेवटच्या गाण्यासाठी मी आठ दिवस ते भरलं नव्हतं. स्वयंपाकघरात मिक्सर लावायचा तरी मी आधी त्यांना विचारायचे. ते संगीत मला कळत नव्हतं; माणूस खुशीत होता, एवढं कळत होतं.

आता पुण्यातल्या एका शौकिनाला तो अल्बम मोठ्या काळ्या तबकडीवर पुन्हा काढायचा होता. मित्रांना वाटलेल्या प्रती झिजलेल्या, म्हणून मूळ टेपच हवी. ती बघून तो म्हणाला, ही बुरशी मी मशीनवर चढवणार नाही. टेप नाही तर तबकडी नाही.

“आणा इकडे.”

“हात धुवा आधी!”

मी कॅसेट वर्तमानपत्रावर आपटली. पांढरी भुकटी पडली. बोटांत चोळली. गुळगुळीत, वास नाही.

“भावजी, बुरशी कसली? बोरिक आहे. पावसाळ्यात टेप मीच पिंपात ठेवायचे.”

“गाणी तांदळात?”

“मग कुठे? कपाटात चपलांनासुद्धा बुरशी येते. तांदळाला किडा लागला नाही, तुमच्या गाण्यांना बरा लागेल!”

वाटीभर गरम पाण्यात भुकटी टाकली. विरघळली; बुरशी असती तर तशीच तरंगली असती. भावजींनी वाटीत बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, “त्याला फोनवर हे पटायचं नाही.”

तबकडी पुढे दिवाळीत निघाली. पिंप छान वाजलंय.

पण त्याआधी, त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, मी शिलाई मशीनच्या छोट्या पेचकसाने कॅसेट उघडली, मऊ ब्रशने झटकली, चमचाभर बोरिक पुडीत बांधून घेतलं आणि भावजींना घेऊन पुण्याची एसटी पकडली.