कोऱ्या बोटाचा फोटो

“तुमच्या मताचं काय एवढं? ते आदल्या दिवशीच विकलेलं असतं.”

साहेब हसले. मग कँटीनमधले सगळे हसले. आमच्यातल्या दोघी-तिघीही हसल्या. साहेब हसले की हसायचं, एवढं आम्हाला ठाऊक.

मी फक्त विचारलं होतं, “साहेब, मतदानाची सुट्टी आम्हा कंत्राटी बायांना पण हाय ना?”

महाडच्या त्या कारखान्यात मी सहा वर्षं पावडरीची पोती भरते, शिवते. त्या दिवशी मतदानाची शपथ होती. भिंतीवर मोठा फलक. साहेब छान बोलले. कुणालाही द्या, पण मत द्या. कुणाच्या दबावाखाली येऊ नका. मला ते खरं वाटलं. हात पुढे करून शपथ घेताना अंगावर काटा आला होता. म्हणून तर विचारायचं धाडस झालं.

उत्तर मिळालं ते वर सांगितलं.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या अंगाला. घरात मी आणि आई. आईचे गुडघे गेलेले, एका डोळ्यानं दिसत नाही. पण मत तिनं कधी चुकवलं नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी निघताना तिला म्हटलं, “चारला सुटते. साडेपाचपर्यंत येते. दोघी जाऊ.”

“ये गो लवकर,” ती म्हणाली. नवं लुगडं तिनं आधीच नेसलं होतं.

कारखान्यात शिरले तेव्हा कळलं, कायम कामगारांना भरपगारी सुट्टी. त्यांचं कामही आमच्याच अंगावर. मोबाईल नेहमीप्रमाणे गेटवर जमा. चार वाजले. गेट उघडेना. मी मुकादमाकडे गेले. मुकादम म्हणजे आमच्या ठेकेदाराचा माणूस.

“आई थांबलीय. मत द्यायचंय,” म्हटलं.

“जा की. पण उद्या येऊ नको.”

मी परत पोती शिवायला बसले. खोटं कशाला सांगू? बसले. हात चालत होते आणि डोळे घड्याळाकडे.

पाच वाजून गेले तेव्हा साहेब आले. सोबत कॅमेरेवाला. साहेब सकाळीच मत देऊन आले होते, बोटावर शाई होती. आम्हाला फलकाखाली उभं केलं. मग मुकादमानं खिशातून काळा मार्कर काढला. पोत्यांवर नंबर टाकायचा तो.

“डावा हात पुढे करा.”

आधी कुणाला समजलंच नाही. मग समजलं. आमच्या बोटांवर मार्करनं खूण करायची आणि फोटो काढायचा. सगळ्या कामगारांनी मतदान केलं म्हणून.

एकेक बाई हात पुढे करत गेली. माझ्या शेजारी रेहाना होती, महाडजवळच्या गावातली. तिनंही बोट दिलं. मी तिला दोष देत नाही. तिची तीन लेकरं आहेत.

माझी पाळी आली. मी मूठ मिटली.

“काय झालं?” मुकादम.

“नाय देणार.”

साहेब पुढे आले. आवाज मऊ. “अगं, नुसता फोटो आहे.”

“मत देऊ दिलं नाय साहेब. मग खूण कसली करताय?”

सहा वर्षांत इतकं मोठ्यानं मी तिथं कधी बोलले नव्हते. साहेबांनी कॅमेरेवाल्याला सांगितलं, “हिला बाजूला करा.” मला भिंतीकडे सरकवलं. बाकीच्यांनी बोटं वर केली. फोटो निघाला. सहा वाजता गेट उघडलं.

घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. तेच लुगडं.

“शाळेपर्यंत गेलते,” ती म्हणाली. “शेजारनीनं नेलन्. मास्तर म्हनाले, आजी, आत या, मी धरतो. मी म्हटलं, लेक येते. दार लावीपर्यंत बसले.” मग म्हणाली, “तुला सोडलं नाय का गो?”

चूल पेटवली. धुराचं निमित्त झालं आणि रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मला पोत्यांवरून काढून गटाराच्या कामाला लावलं. फोटो सूचनाफलकावर लागला. खाली लिहिलं होतं : आमच्याकडे शंभर टक्के मतदान.

शाळेतल्या मास्तरांनी मला सांगितलं, ती सुट्टी कंत्राटी माणसालाही लागू असते. कायद्यानं. सहा वर्षं मला कुणी हे सांगितलं नव्हतं. मी दहावी झालेली बाई, मीही कधी शोधलं नव्हतं. त्याची लाज वाटली. मास्तरांच्या मदतीनं अर्ज लिहिला. साऱ्या बायांना दाखवला. सही फक्त रेहानानं केली. साहेबांनी अर्ज हातात घेतला नाही. मी तो तहसील कचेरीत नेऊन दिला आणि पोच घेतली. अजून उत्तर नाही. येईल असं वाटतही नाही.

मी अजून गटारच काढते. पुढच्या निवडणुकीपर्यंत आई असेल की नाही, ठाऊक नाही. काम असेल की नाही, तेही नाही. पण मतदानाच्या दिवशी मी त्या गेटच्या आत पाऊल टाकणार नाही. परवानगी मागणार नाही. रजेची चिठ्ठी लिहिणार नाही. आधी मत देईन. मग काढायचं तर काढा मला.