मी मिलिंदच्या हातात दिलेली बंदूक

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. अलास्कात मिलिंदच्या समोर अस्वल उभं होतं, तेव्हा मी त्याच्या हातात बंदूक दिली. ती रिकामी होती. आणि ती रिकामी आहे हे मला माहीत होतं.

मिलिंद गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवरून कळलं. न्यू जर्सीत, आयसेलिनच्या दुकानाबाहेर, वाणसामान गाडीत ठेवत होतो आणि जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर एकामागून एक हात जोडलेली चित्रं यायला लागली. टेक्सासला, फ्रिस्कोच्या त्याच्या घरी फोन लावला. मेधाने, त्याच्या बायकोने, उचलला. म्हणाली, "तुला त्याने सांगितलं नव्हतं? मला म्हणाला होता, विन्याला मी सांगतो, तू नको सांगूस." कॅन्सर होता... सगळा हिवाळा उपचार चालले होते. आणि मला तो सांगत होता, "पाठ धरलीय यार, या वर्षी ट्रिप कॅन्सल." मी त्याला शेकायला सांगत होतो.

तो नागपूरचा, मी सांगलीचा. इथे स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकताना एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. बस चुकली की बर्फातून चालत यायचो. तो पुढे, मी मागे. मागे वळून न बघता तो बोलत राहायचा. मी मागे असणारच, हे त्याने धरूनच चाललेलं असायचं. पुढे तो टेक्सासला गेला, मी न्यू जर्सीत राहिलो, माझा संसार मोडला, आणि सणावाराला जायला मला त्याचंच घर उरलं. कयाकचं वेड त्याचं. उन्हाळ्यात अलास्काच्या किनाऱ्याने आम्ही वल्हवत जायचो, रात्री तंबूत. तिथे ओढ्यांत सामन मासे चढतात आणि त्यांच्यामागे अस्वलं येतात, म्हणून त्याने शॉटगन घेतली होती. दसऱ्याला मेधा ती लॅपटॉप आणि पान्यांच्या शेजारी पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायची, वर झेंडूचं फूल. पूजेआधी ती रिकामी करायचं काम माझं. मिलिंद म्हणायचा, "विन्याच कर, तुझ्याइतका भित्रा माणूस एक काडतूस आत ठेवणार नाही." बंदूक म्हणजे माझ्या हाताला एवढंच माहीत होतं... काडतुसं काढायची आणि पाटावर ठेवायची.

किनाऱ्यावर आमचा नियम असा, की एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने भरलेली बंदूक घेऊन उभं राहायचं. त्या संध्याकाळी मिलिंद ओढ्यावर पाणी भरत होता, पहाऱ्यावर मी. धुकं उतरलं होतं. त्याचं पिवळं जॅकेट दिसायचं, नाहीसं व्हायचं. झुडपात काही हललं की माझं बोट आपोआप चापाकडे जायचं, आणि दर वेळी तो मिलिंदच निघायचा. अस्वलापेक्षा मला माझ्याच बोटाची धास्ती वाटायला लागली. मी काडतुसं काढली आणि लाइफ जॅकेटच्या खिशात टाकली. तो आला की परत भरू, असं मनाशी म्हणत.

तो आला, पण त्याच्या मागून अस्वलही आलं. तपकिरी, पाण्याने निथळणारं. मिलिंद माझ्याकडे तोंड करून, आवाज न चढवता म्हणाला, "विन्या, बंदूक." मी दिली. 'रिकामी आहे' हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. लाज वाटली. अस्वल समोर असताना लाज! तो अस्वलाकडे वळला आणि मी त्याच्या पाठीमागे सरकलो, खिशावर हात दाबून. त्याने नळीखालचा पंप ओढला, नळी रोखली आणि अस्वलाशी नागपुरी मराठीत बोलायला लागला, "जा ना बाप्पा, काहून तरास देऊन राहिला." अस्वल वास घेत उभं राहिलं, आणि मग वळून झाडीत गेलं. नंतर तो हातपाय धुवायला गेला तेव्हा मी काडतुसं परत भरली.

घरच्या पंगतीत तो हा किस्सा रंगवून सांगायचा. "मी म्हटलं बंदूक, की याने दिली! असा माणूस सोबत पाहिजे." सगळे माझ्याकडे बघायचे, तोही बघायचा. मी ताटात बघायचो. त्यानंतरच्या ट्रिपांमध्ये बंदूक कायम त्याच्याकडे. "तू पिठलं कर रे, तुझ्या हाताला चव आहे." मला ते खरं वाटायचं.

तेराव्याला गेलो होतो. त्याची मुलगी रेवा कपाट आवरताना बंदूक काढून म्हणाली, "बाबाचा एक रूल होता, काका. ऑलवेज चेक इट युअरसेल्फ. इव्हन इफ विनयकाका हॅन्ड्स इट टु यू." आणि हसली. तिला तो विनोद वाटत होता.

म्हणजे त्याला कळलं होतं. पंप ओढल्यावर काडतूस वर चढलं की नाही, ते हाताला कळतं. त्याला त्याच क्षणी कळलं असणार, अस्वल समोर असतानाच. तरी तो मला शिवी न देता उभा राहिला, आणि मग वर्षानुवर्षं भरल्या पंगतीत माझं कौतुक करत राहिला. मी कधी तोंड उघडतो याची वाट बघत होता का? की मला शिक्षा देत होता? सांगतो, मला त्याचा राग येतो. एकदा गचांडी धरून विचारलं असतंस तर मी सगळं ओकलो असतो, मिल्या. तू मला दोस्त म्हणत राहिलास आणि आतून केव्हाच वजा केलंस, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाहीस. पण हा राग फार वेळ टिकत नाही. ज्याने एकदा रिकामी बंदूक हातात दिली, त्याला माणूस आपलं मरण कशाला सांगेल...

रेवा या उन्हाळ्यात त्याच किनाऱ्यावर त्याची थोडी रक्षा घेऊन जाणार आहे. "काका, यू आर कमिंग, राइट? मी पॅडल करीन, तुम्ही गन घ्या." त्या दिवशी तिने बंदूक माझ्या मांडीवर ठेवली होती. लाकडी दस्त्याच्या नक्षीत दसऱ्यांचं कुंकू भरलं आहे, आणि जिथे मिलिंदची मूठ बसायची तेवढीच जागा घासून स्वच्छ झाली आहे. मी तिथे हात ठेवला नाही.

रेवाला मराठी वाचता येत नाही. म्हणून तर हे इथे लिहायला जमलं. तिच्यासमोर बसून, तिला कळेल अशा भाषेत हे सगळं सांगणं अजून बाकी आहे. तिने कयाक पाण्यात लोटायच्या आधी.